जबाबदार पर्यटन: नेमका फरक कशाने पडतो?

उत्तरा | शनिवार, सकाळी ९:१२

प्रवासाला निघायचं म्हटलं की हल्ली सल्ल्यांचा पाऊस पडतो. स्वतःची पाण्याची बाटली न्या, टॉवेल रोज धुवायला टाकू नका, कापडी पिशवी ठेवा. हे सगळं मी मनापासून करते. पण त्याच प्रवासासाठी आपण विमानाने हजारो किलोमीटर जातो, जिथे पाय ठेवायला जागा नाही अशा ठिकाणी भर हंगामात पोचतो, आणि पैसे मात्र त्या गावाशी काडीचा संबंध नसलेल्या कंपनीच्या हातात ठेवतो. मग बाटलीने काय साधलं?

वेळ, पैसा आणि उत्साह तिन्ही मोजकेच असतात असं धरून सांगा. प्रवासी म्हणून आधी कशाकडे लक्ष द्यावं? कशाने खरोखर फरक पडतो आणि कशाने फक्त आपल्याला बरं वाटतं? "प्रवासच करू नका" हे उत्तरही चालेल, पण कारणासकट द्या.

गणिती | शनिवार, सकाळी १०:०५

चांगला धागा. आधी आकडे मांडतो.

'नेचर क्लायमेट चेंज' या नियतकालिकात २०१८ साली आलेल्या अभ्यासानुसार जगातल्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात पर्यटनाचा वाटा सुमारे ८ टक्के आहे. यात प्रवासाबरोबर राहणं, खाणं, खरेदी हेही धरलं आहे. विमान वाहतुकीचा कार्बन डायऑक्साइडमधला वाटा सुमारे अडीच टक्के. पण विमानामागे उंचावर जे पांढरे पट्टे तयार होतात ते जमिनीकडून जाणारी उष्णता अडवतात. ते आणि नायट्रोजनची ऑक्साइडं धरली तर तापमानवाढीतला वाटा आणखी वाढतो.

अडीच टक्के किरकोळ वाटतील. पण कुठलंही एक वर्ष घ्या, जगातले बहुसंख्य लोक त्या वर्षात विमानात पाऊलही ठेवत नाहीत. म्हणजे हा सगळा भार थोड्या लोकांनी टाकलेला आहे. लांब पल्ल्याच्या एका जाण्यायेण्यात माणशी टनाच्या वर कार्बन डायऑक्साइड सहज जातो. टॉवेल न धुवून तो भरून काढायचा म्हटलं तर जन्म पुरणार नाही.

म्हणून माझ्या लेखी पहिला प्रश्न, किती दूर जाताय आणि कशाने. दुसरा, किती वेळा. बाकी सगळं त्यानंतर. विमानाने जायचंच असेल तर शक्यतो थेट जा, कारण उड्डाण आणि चढण यात इंधन जास्त जळतं. साध्या वर्गाने जा, कारण बिझनेस क्लासची एक खुर्ची दोन-तीन जणांची जागा व्यापते. आणि एकदा पोचलात की भरपूर राहा. तीन वर्षांत तीनदा चार-चार दिवस जाण्यापेक्षा एकदाच पंधरा दिवस जाणं कधीही चांगलं.

टिपूस | शनिवार, सकाळी १०:२०

माझी सासुरवाडी पायी जाण्याच्या अंतरावर आहे, हे पृथ्वीसाठी फारच उत्तम झालं म्हणायचं. आज संध्याकाळी पर्यावरणरक्षणासाठी तिकडेच जातो.

मैत्रेयी_जो | शनिवार, सकाळी ११:४०

@टिपूस :) जाताना बाटली न्या स्वतःची.

गणिती, आकड्यांबद्दल धन्यवाद. पण "एकदाच पंधरा दिवस" हे रजा मिळणाऱ्यांना ठीक आहे. नोकरी, मुलांच्या शाळा, घरी म्हातारी माणसं, यात सलग चार दिवस मिळाले तरी नशीब. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

गणिती | शनिवार, दुपारी १२:१५

@मैत्रेयी_जो, चारच दिवस असतील तर जवळ जा, रेल्वेने किंवा बसने. भरलेल्या रेल्वेत माणशी उत्सर्जन विमानाच्या काही अंशानेच होतं. ज्या देशांत रेल्वे चांगली आहे तिथे सरकारंही हे मनावर घेऊ लागली आहेत. फ्रान्सने २०२३ पासून, अडीच तासांच्या आत रेल्वेने पोचता येत असेल तर तिथली देशांतर्गत विमानसेवा बंद केली. प्रत्यक्षात पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून सुटणारे तीनच मार्ग त्यात आले: नांत, लियाँ आणि बोर्दो. ऑस्ट्रियाच्या रेल्वेने २०१६ पासून रात्रीच्या गाड्यांचं जाळं पुन्हा उभं केलं. झोपेतच प्रवास उरकतो आणि एका रात्रीचं हॉटेलही वाचतं.

सविनय | शनिवार, दुपारी २:३०

माझं मत थोडं वेगळं आहे. हा सगळा भार एकट्या प्रवाशाच्या विवेकावर टाकला की नियम करणारे मोकळे होतात.

व्हेनिस बघा. १९५० च्या दशकात जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहत होते, आता ५० हजारही नाहीत. घरं पर्यटकांना भाड्याने देणं जास्त फायद्याचं, म्हणून राहणारे बाहेर पडत गेले. यात एखाद्या प्रवाशाने कितीही सज्जनपणे वागून काय बदलणार होतं? बदललं ते नियमाने. २०२१ मध्ये मोठ्या क्रूझ जहाजांना जुउदेक्का कालव्यातून जायला बंदी झाली. २०२४ मध्ये एका दिवसासाठी येणाऱ्यांवर गर्दीच्या दिवसांत ५ युरो शुल्क बसवलं. शुल्काने गर्दी फारशी हटली नाही, पण जहाजांची बंदी मात्र लगेच दिसली. बार्सिलोनानेही २०२८ पर्यंत पर्यटकांना भाड्याने द्यायच्या सदनिकांचे परवाने संपवायचं ठरवलं आहे, ते याच कारणासाठी.

आपण मागणी करायची ती मर्यादेची. दिवसाला इतकीच माणसं, इतक्याच होड्या, इतकीच घरं. ती मर्यादा आली की आपल्याला प्रवेश मिळाला नाही तरी कुरकुर करायची नाही.

सागरतळ | शनिवार, दुपारी ४:१०

सविनय यांच्या मुद्द्याला समुद्राखालून अनुमोदन. मी बरीच वर्षं डायव्हिंग करतोय, म्हणून माया बेचं उदाहरण देतो.

थायलंडच्या फी फी ले बेटावरची ही छोटीशी खाडी. एका चित्रपटात दिसली आणि तिथे रोज हजारो माणसं उतरू लागली. होड्या थेट खाडीत शिरायच्या, नांगर प्रवाळावर पडायचे, पंख्यांनी ढवळलेली वाळू प्रवाळावर बसायची. जून २०१८ मध्ये खाडी बंद केली आणि ती जानेवारी २०२२ मध्ये उघडली. मधल्या काळात प्रवाळाची रोपं लावली गेली आणि ब्लॅकटिप रीफ शार्क उथळ पाण्यात परत दिसू लागले. आता होड्या खाडीत येत नाहीत, बेटाच्या मागच्या बाजूला तरंगत्या धक्क्याला लागतात, तिथून पुढे चालत जायचं. पावसाळ्यात ती काही काळ पुन्हा बंद ठेवतात.

लोकांना वाटतं "बंद" म्हणजे शिक्षा. प्रवाळाला लागतो वेळ आणि स्वच्छ पाणी, बस.

आता सनस्क्रीनबद्दल, कारण हा प्रश्न येणारच. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही प्रवाळाला घातक मानली जाणारी दोन रसायनं असलेल्या सनस्क्रीनची विक्री हवाईमध्ये २०२१ पासून बंद आहे, आणि प्रशांत महासागरातल्या पलाऊ या बेटांच्या देशाने २०२० मध्ये आणखी रसायनांवर बंदी घातली. डबीवर 'रीफ सेफ' (प्रवाळाला सुरक्षित) लिहिलेलं असतं त्याला कुठलीही ठरलेली व्याख्या नाही, म्हणून मागचा बारीक मजकूर वाचा. त्याहून सोपं म्हणजे लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घाला. मग सनस्क्रीन तोंडाला आणि हाताला लागेल तेवढंच. पण मनात एक ठेवा, प्रवाळ पांढरे पडतात ते मुख्यतः पाणी तापल्याने. म्हणजे गणिती यांचा पहिला मुद्दाच शेवटी समुद्रात उतरतो.

झुळूक | शनिवार, संध्याकाळी ५:०२

पलाऊची प्रतिज्ञा फार आवडली होती वाचली तेव्हा. २०१७ च्या अखेरीपासून तिथे उतरलं की पासपोर्टवरच शिक्का मारतात आणि त्याखाली सही करायची, की इथल्या मुलांसाठी या बेटांची काळजी घेईन. ती लिहिताना तिथल्या मुलांचा हातभार होता.

सविनय | शनिवार, संध्याकाळी ५:३०

प्रतिज्ञा छान आहे, पण तिच्या मागे दंडाचा कायदा आहे म्हणून ती टिकते.

मुक्ता_न | शनिवार, रात्री ८:४५

"प्रवासच करू नका" याला उत्तर द्यायचं आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

विरुंगा पर्वतरांग रवांडा, युगांडा आणि काँगो यांच्यात पसरली आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पर्वतीय गोरिला जेमतेम अडीचशे उरले होते. २०१६ च्या गणनेत ते ६०४ भरले. २०१८ मध्ये आययूसीएनने (निसर्गसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना) त्यांचा धोक्याचा दर्जा एक पायरी खाली आणला. यात राखणदारांचे, पशुवैद्यांचे आणि गावांचे अपार कष्ट आहेत, आणि त्या कष्टांचा पगार बऱ्याच अंशी पर्यटकांच्या परवान्यांतून निघतो. रवांडा राष्ट्रीय उद्यानांच्या पर्यटनातल्या उत्पन्नाचा १० टक्के हिस्सा आसपासच्या गावांना देतो. शाळा, पाणी, दवाखाना. ज्या गावाचं पीक प्राण्यांनी तुडवायचं त्याच गावाला प्राणी जिवंत राहण्यात फायदा दिसला, तरच जंगल टिकतं.

आणि तिथले नियम बघा. एका गोरिला कुटुंबाला दिवसातून एकच गट भेटतो, त्यात जास्तीत जास्त ८ पर्यटक, वेळ एक तास. अंतर ठेवायचं, सर्दी-खोकला असेल तर तुम्हाला परत पाठवतात, कारण माणसाची साधी सर्दी गोरिलाच्या जिवावर उठू शकते.

नामिबियाचंही तसंच. १९९६ च्या कायद्याने गावांच्या समूहांना आपल्या भागातल्या वन्यजीवांवर आणि पर्यटनावर हक्क मिळाला. आज असे ८० हून अधिक समूह आहेत आणि देशाची सुमारे पाचव्या हिश्श्याची जमीन त्यांच्या देखरेखीखाली आहे. २०२० मध्ये जगभर प्रवास थांबला तेव्हा अशा ठिकाणी राखणदारांचे पगार अडकले. आपण गेलो नाही म्हणून निसर्ग आपोआप सुखी होत नाही.

विमानाचा धूर खरा आहे, मला तो नाकारायचा नाही. पण लांबचा एखादाच प्रवास करायचा असेल तर तो अशा ठिकाणी करावा, जिथे आपल्या येण्याने काहीतरी वाचतं.

गणिती | शनिवार, रात्री ९:२०

@मुक्ता_न, हा मुद्दा पूर्ण मान्य. माझ्या यादीत "पैसा कुणाच्या हातात पडतो" हे वर सरकवतो.

अतिथीघर | शनिवार, रात्री १०:५०

मी आयुष्यभर हॉटेल व्यवसायात काम केलं आहे. आतल्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

टॉवेलची थट्टा करू नका. धुलाईत पाणी, वीज, साबण आणि माणसाचे श्रम चौघंही जातात. यावर एक गमतीशीर प्रयोग झाला होता, गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केव्हिशियस यांचा, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला. न्हाणीघरात निरनिराळ्या पाट्या लावल्या. "पर्यावरण वाचवा" या पाटीपेक्षा "याच खोलीत राहिलेल्या बहुतेक पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला" या पाटीने जास्त लोक टॉवेल पुन्हा वापरू लागले. माणूस माणसाकडे बघून वागतो.

पण खरा प्रश्न पाण्याचा आहे. कोरड्या प्रदेशात हॉटेलातला पाहुणा तिथल्या रहिवाशाच्या कित्येक पट पाणी वापरतो. पोहण्याचा तलाव, हिरवळ, रोजची धुलाई, टबमधली आंघोळ. २०१८ मध्ये केप टाऊनला माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा आली तेव्हा हॉटेलांनी टबची बुचंच काढून ठेवली होती. कुठेही जाण्याआधी तिथे उन्हाळ्यात पाण्याची काय स्थिती असते हे बघा. टंचाई असेल तर एक तर वेगळ्या महिन्यात जा किंवा शॉवर दोन मिनिटांत आटपा.

आणि 'इको', 'ग्रीन' या नावांना भुलू नका. ग्लोबल सस्टेनेबल टुरिझम कौन्सिल नावाची संस्था निकष ठरवते, पण हॉटेलांना प्रमाणपत्र ती स्वतः देत नाही, तिने मान्यता दिलेल्या संस्था देतात. म्हणून कुठे हिरव्या पानाचं चिन्ह दिसलं की विचारा, प्रमाणपत्र कुणाचं आणि कधी तपासलं? युरोपीय संघात तर सप्टेंबर २०२६ पासून पुराव्याशिवाय असं मोघम 'पर्यावरणस्नेही' लिहायला बंदी येते आहे. मी नोकरीला असताना पाहुण्यांनी हे प्रश्न विचारले की मालकाच्या बैठकीत ते पोचायचे. विचारत राहा.

मैत्रेयी_जो | रविवार, सकाळी ८:३०

वाचनखूण साठवली. अतिथीघर, फोनवर विचारताना नेमके कोणते प्रश्न विचारायचे ते सांगाल का? "तुम्ही पर्यावरणस्नेही आहात का" याला सगळेच हो म्हणतात.

अतिथीघर | रविवार, सकाळी ९:१५

हो-नाही मध्ये उत्तर देता येणार नाही असे विचारा. सांडपाणी कुठे जातं? कचरा कोण उचलतं आणि पुढे त्याचं काय होतं? कामावरची किती माणसं याच गावातली आहेत, आणि बिनहंगामात त्यांना पगार असतो का? मालक कुठे राहतो? ज्याला सांगण्यासारखं काही असतं तो भरभरून बोलतो. बाकीचे फोन व्यवस्थापकाकडे देतो म्हणतात.

गिरिवाट | रविवार, सकाळी १०:४०

डोंगरातला कुणीच बोललं नाही, म्हणून मी.

वाटेवर सालं टाकणारे म्हणतात "ते कुजतं". थंड आणि कोरड्या हवेत ते महिनोन्महिने तसंच पडून राहतं आणि वास घेऊन प्राणी वाटेवर यायला शिकतात. जे नेलं ते सगळं परत आणायचं. शौचाला जायचं तर पाण्यापासून, वाटेपासून आणि तंबूपासून निदान ६० मीटर दूर, वीतभर खड्डा खणून, मग नीट बुजवायचा. साबण 'नैसर्गिक' असला तरी ओढ्यात धुवायचं नाही, भांड्यात पाणी घेऊन लांब जाऊन धुवायचं. चिखल असला तरी मळलेल्या वाटेनेच जायचं. कडेकडेने गेलं की वाट रुंदावत जाते आणि पुढच्या पावसात माती वाहते.

आणि दगडांवर दगड रचून फोटो काढणं बंद करा कृपया. दगडाखाली किडे, बेडूक राहतात. शिवाय ज्या डोंगरात दगडांच्या राशी हीच वाटेची खूण असते तिथे तुमच्या राशीमुळे कुणीतरी भलतीकडे जाईल.

झुळूक | रविवार, सकाळी ११:०५

फोटोंवरून आठवलं. अनवट जागेचा फोटो टाकताना नेमकं ठिकाण लिहू नये असं मला वाटतं. तुमचं काय मत?

टिपूस | रविवार, सकाळी ११:१२

मी तर "पृथ्वी" एवढंच लिहितो. अजून तिथे गर्दी कमी झालेली नाही.

मुक्ता_न | रविवार, दुपारी १२:३०

झुळूक, नाजूक जागा असेल, घरटी, दुर्मीळ झाडं, छोटा झरा, तर अजिबात लिहू नये. पण सगळंच लपवायचं म्हटलं तर ज्यांच्या ओळखी आहेत त्यांनाच निसर्ग मिळणार, तेही मला पटत नाही. जिथे पायवाटा, स्वच्छतागृहं, राखणदार आहेत ती जागा खुशाल सांगावी.

माणसांच्या फोटोबद्दल मात्र माझा आग्रह आहे. विचारल्याशिवाय काढू नका, आणि लहान मुलांचे तर नकोच.

यालाच जोडून एक महत्त्वाचं. प्रवासात "अनाथाश्रमाला भेट द्या, मुलांना एक दिवस शिकवा" असा कार्यक्रम कुणी सुचवला तर ठाम नकार द्या. जगभरात अशा संस्थांतल्या बहुतांश मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पर्यटक येतात, देणग्या देतात, म्हणून मुलांना घरून आणून ठेवलं जातं, असं अनेक देशांत आढळलं आहे. दर आठवड्याला नवा मायाळू चेहरा येतो आणि निघून जातो, याने मुलांचं काय होत असेल? मदत करायची तर कुटुंबं एकत्र ठेवणाऱ्या कामाला करा.

सागरतळ | रविवार, दुपारी १:१५

+१ मुक्ता. प्राण्यांच्या बाबतीतही तेच. हत्तीवर बसणं, वाघाच्या बछड्याला मांडीवर घेणं, पिंजऱ्यातल्या डॉल्फिनबरोबर पोहणं. जंगली प्राणी अनोळखी माणसाला अंगाला हात लावू देतो तेव्हा त्याआधी त्याच्यावर काय काय झालंय याची कल्पना करा. 'अभयारण्य' नाव असलं तरी कसोटी एकच, प्राण्याला तुमच्यापासून दूर जायची मोकळीक आहे का?

सविनय | रविवार, दुपारी ३:००

ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या प्रचंड खडकाचं उदाहरण इथे हवं. अनांगू या तिथल्या मूळ रहिवाशांसाठी तो खडक पवित्र. चढू नका अशी विनंती ते अनेक वर्षं करत होते, पायथ्याशी फलक होता, तरी लोक चढत होते. शेवटी २६ ऑक्टोबर २०१९ ला चढण कायमची बंद झाली. त्याआधीच्या महिन्यांत "शेवटची संधी" म्हणून रांगा लागल्या होत्या. नुसत्या विनंतीच्या भरवशावर राहता येत नाही असं मी म्हणतो ते यामुळे.

गिरिवाट | रविवार, दुपारी ३:४५

पण त्याच वर्षांत चढणाऱ्यांचं प्रमाण हळूहळू घटतही गेलं होतं, आणि ते घटलं म्हणूनच बंदी आणणं सोपं झालं. नियम आणि लोकांचं वागणं यांना असं वेगळं काढता येत नाही, सविनय.

सविनय | रविवार, दुपारी ४:०५

हे मान्य करतो. चांगला मुद्दा.

उत्तरा | रविवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. माझ्यापुरतं उत्तर आता बऱ्यापैकी स्पष्ट झालंय, ते लिहिते, चूक वाटलं तर सांगा.

बहुतेक सगळं घर सोडण्याआधीच ठरतं. कुठे, कुठल्या महिन्यात, कशाने, किती दिवस आणि पैसे कुणाला. हे पाच निर्णय झाले की बाटली-टॉवेल हे पुढचं वळण, आणि ते करायचंच. त्यामुळे तीन शहरांचा धावता कार्यक्रम रद्द करून एकाच डोंगराळ भागात रेल्वेने जायचं आम्ही ठरवलं आहे, हंगाम संपल्यावर. चालत फिरायचं, तिथल्याच कुणाच्या तरी घरी राहायचं.

एकच अडचण आहे. सामान उचलायला हमाल घ्यावेत का? एकीकडे वाटतं त्यांना रोजगार मिळेल, दुसरीकडे दुसऱ्याच्या पाठीवर आपलं ओझं हे मनाला पटत नाही.

गिरिवाट | रविवार, रात्री १०:१०

@उत्तरा, घ्या. तो त्यांचा व्यवसाय आहे, आणि तुम्ही नकार दिलात तर त्यांची मजुरी बुडते. फक्त अटी बघून घ्या. ओझं किती? नेपाळमध्ये ट्रेकिंगच्या हमालासाठी ३० किलोची मर्यादा सांगितली जाते, तुम्ही त्याच्या बरीच खाली राहा. दुसरं, उंचीवर जाणार असाल तर त्याच्याकडे गरम कपडे, चांगले बूट आणि गॉगल आहेत का हे स्वतः डोळ्यांनी बघा. विमा आहे का विचारा. तो आजारी पडला तर त्याला एकट्याला खाली पाठवू नका, सोबत कुणीतरी द्या आणि पूर्ण मजुरी द्या. उंचीचा त्रास तिथल्या माणसालाही होतो, हे पुष्कळांना माहीत नसतं.

मजुरी एजंटाकडे दिली तरी बक्षिशी त्याच्या हातात द्या. आणि पहिल्याच दिवशी नाव विचारा.

मैत्रेयी_जो | रविवार, रात्री १०:२५

उत्तरा, रेल्वेचं आरक्षण आधी करा, हंगाम संपल्यावर डोंगरी मार्गावरच्या गाड्या कमी होतात. परत आल्यावर त्या घरच्या राहण्याबद्दल सविस्तर लिहा, आम्हालाही मुलांना घेऊन तसंच जायचं आहे.